जुना गीझर बदलताना: लिटरच्या आधी बघायच्या गोष्टी

गीझर बंद पडला की बहुतेक जण जुन्याच्या अंगावरचा आकडा वाचतात आणि तेवढ्याच लिटरचा नवा आणतात. त्यापेक्षा आधी जुना कशाने गेला ते बघा. नव्याची निवड त्यावरच ठरते.

पाणी टाकीच्या सांध्यातून किंवा बाहेरच्या पत्र्याखालून झिरपत असेल, तर बहुधा आतली टाकी गंजली आहे. तिला डाग देऊन उपयोग नाही, बदलाच. पण पाणी नुसतं गरम होत नसेल, तर बहुधा एलिमेंट (पाणी तापवणारी कांडी), थर्मोस्टॅट (तापमान राखणारा भाग) किंवा कटआऊट (फार तापल्यास वीज तोडणारा भाग) गेलेलं असतं, आणि हे सुटे भाग बदलता येतात. चालू करताच आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, तर एलिमेंटचं आवरण तडकून पाणी आत शिरल्याचा संशय घ्यावा. एलिमेंट बाहेर काढल्यावर त्यावर पांढऱ्या क्षाराचा जाड थर दिसला तर दोष पाण्याचा आहे. नवा गीझरही त्याच वाटेने जाईल.

आता आकार. एक लिटर पाणी एक अंश तापवायला सुमारे 1.16 वॉट-तास वीज लागते. 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 पर्यंत न्यायचं तर 25 × 40 × 1.16, म्हणजे साधारण 1,160 वॉट-तास. 2 किलोवॉटच्या एलिमेंटला त्यासाठी 35 मिनिटं लागतात, 15 लिटरच्या टाकीला 21. आंघोळीला 40 अंशांचं पाणी हवं, म्हणजे 60 अंशांच्या पाण्यात जवळजवळ तेवढंच विसण. हिशोबाने 25 लिटरचे 50 व्हायला हवेत. प्रत्यक्षात गरम पाणी वरून निघत असताना खालून गार पाणी शिरतं आणि थोडं मिसळतं, म्हणून 40 धरा. मिनिटाला 8 लिटर सोडणारा शॉवर ते पाच मिनिटांत संपवतो. बादलीने आंघोळ करणाऱ्याला मात्र तेवढ्यात दोन बादल्या मिळतात. त्यामुळे घरात माणसं किती हे विचारण्यापेक्षा एकापाठोपाठ एक किती जण आंघोळीला जातात आणि शॉवर की बादली, हे विचारा.

पाणी फारसं न साठवता वाहतं असतानाच तापवणाऱ्या इन्स्टंट गीझरच्या बाबतीत हाच हिशोब बऱ्याच जणांची निराशा करतो. 3 किलोवॉटचा इन्स्टंट मिनिटाला 3 लिटरच्या धारेत पाणी जेमतेम 14 अंशांनी तापवतो. सिंकखाली ठेवायला तो छान आहे. थंडीतल्या शॉवरला नाही. गॅसचा गीझर याच्या कितीतरी पट ताकदीचा असतो, पण त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असू शकतो, ज्याला रंग नाही आणि वासही नाही. तो बंद बाथरूमच्या आत कधीही बसवू नका. जागा हवेशीर हवी आणि धुराचा पाइप इमारतीबाहेर काढलेला हवा. उघडी खिडकी म्हणजे धुराचा पाइप नव्हे.

पाण्याचा दाब. 10 मीटर उंचीला साधारण 1 बार मिळतो. पाण्याची टाकी डोक्यावर दोन-तीन मीटरच असेल, तर दाब 0.2 ते 0.3 बार. एवढ्यावर अनेक इन्स्टंट आणि गॅस गीझर सुरूच होत नाहीत, तेव्हा मशीनवर लिहिलेला किमान दाब वाचा. उलट प्रेशर पंप लावलेला असेल, तर 8 बारला टिकणारी टाकी असलेला गीझर घ्या.

पाणी क्षारयुक्त असेल तर काचेसारखा मुलामा असलेली किंवा चांगल्या स्टेनलेस स्टीलची टाकी, आणि एलिमेंट इन्कोलॉयचं (गंजाला टिकणारा निकेलचा मिश्रधातू). मुलाम्याच्या टाकीत मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड असतो. तो स्वतः झिजतो म्हणून टाकी वाचते. निम्म्याहून जास्त झिजला की बदलायचा. हा रॉड वेगळा काढता येतो का, हे घेण्याआधीच बघून ठेवा. थर्मोस्टॅट 60 च्या वर नेऊ नका, क्षार वेगाने साचतो. फार खाली, 45-50 वर, कायम ठेवणंही बरं नाही, कारण साठलेल्या कोमट पाण्यात न्यूमोनिया करणारे लेजिओनेला जिवाणू वाढतात.

जुना 2 किलोवॉटचा होता आणि नवा 3 चा घेताय? मग तो 230 व्होल्टवर सुमारे 13 अ‍ॅम्पिअर ओढेल. त्याला 16 अ‍ॅम्पिअरचा पॉइंट, स्वतंत्र एमसीबी (जास्त वीज ओढली की पडणारा स्विच), निदान 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर (लांब पल्ल्याला 4 ची), चालू अर्थिंग आणि 30 मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी हवा. भिंतीचाही विचार करा. 25 लिटरचा गीझर भरल्यावर 35 किलोच्या आसपास जातो. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत साधा फास्टनर धरत नाही.

जास्तीचा दाब बाहेर सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून गरम होताना थोडं पाणी ठिबकतं, आणि लोक गीझर बिघडला म्हणून तिथे बूच मारतात. हे सगळ्यात धोक्याचं. तापताना पाणी फुगतं, 25 लिटरमागे जवळपास 0.4 लिटर, आणि गार पाण्याच्या वाटेवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असल्याने ते मागे जाऊ शकत नाही. ठिबकणाऱ्या तोंडाला खाली उतरणारी, टोकाला उघडी नळी लावा. गीझर बंद असतानाही धार चालू राहिली तर मात्र व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय किंवा लाइनचा दाब जास्त आहे.

बसवल्यावर लगेच बटण दाबू नका. गार पाण्याचा कॉक उघडा, गरम पाण्याचा नळ सोडा, हवा फुसफुसणं थांबून सलग धार येईपर्यंत थांबा, मगच वीज द्या. रिकाम्या टाकीत एलिमेंट पाहता पाहता जळतं. पहिलं पाणी तापल्यावर सगळे सांधे कोरड्या कागदाने पुसून बघा, कारण गार असताना न गळणारा सांधा गरम झाल्यावर गळतो.