एमबीएचा प्रवेश घेताना मान्यतेच्या कागदांत होणाऱ्या चुका : या टाळा

सीईटीचा निकाल लागला की नाशिकमध्ये कॉलेज रोडवरचे आणि गंगापूर रोडवरचे फलक बदलतात. मंगल कार्यालयांच्या जाहिराती उतरतात आणि कोट-टाय घातलेली पोरं वर चढतात. खाली ओळीनं गोल शिक्के : नॅक आणि एनबीए (दोन्ही शिक्षणाची गुणवत्ता तपासणाऱ्या संस्था), एआयसीटीई (तांत्रिक आणि व्यवस्थापन शिक्षणाला मंजुरी देणारी केंद्रीय परिषद), आयएसओ. पालक शिक्के मोजतात. पहिली चूक तिथेच होते, कारण यातला प्रत्येक शिक्का वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलतो.

मी काही वर्षं एका व्यवस्थापन महाविद्यालयात आयक्यूएसीचं (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं) काम केलं, म्हणजे नॅकच्या फायली वाहिल्या. त्यामुळे गेल्या वर्षी पुतणीच्या प्रवेशाला भावानं मलाच पुढे केलं. एका कॉलेजच्या काउंटरवरच्या ताईंनी बसल्या बसल्या सांगून टाकलं, "सर, आपलं नॅक झालंय, एनबीए झालंय, सगळं झालंय." मागे भिंतीलगतच्या कपाटावर दोन फ्रेम उभ्या. समोर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी, नेमकी प्रमाणपत्राच्या खालच्या ओळीवर. मी विचारून ती बाजूला सरकवली. नॅकच्या श्रेणीची मुदत चौदा महिन्यांपूर्वी संपलेली. दुसरी फ्रेम एनबीएची, अस्सल आणि चालू मुदतीची, पण मेकॅनिकल इंजिनिअरिंगची! पुतणी कानात म्हणाली, "काका, आपल्याला एमबीए करायचंय ना?"

ताई खोटं बोलत नव्हत्या. नॅक अख्ख्या संस्थेचं मूल्यांकन करते, एनबीए एकेका अभ्यासक्रमाचं. एकाच आवारात इंजिनिअरिंग आणि एमबीए असलं की एकाचं मानांकन दुसऱ्याच्या माहितीपत्रकात सहज उतरतं. त्यातच कोणी 'वॉशिंग्टन अकॉर्ड'चं नाव घेतलं तर सरळ हसून घ्या. भारत २०१४ पासून त्याचा कायम सदस्य आहे हे खरं, पण एकमेकांच्या देशातलं शिक्षण मानण्याचा तो करार इंजिनिअरिंगपुरता आहे.

नॅकची श्रेणी साधारण पाच वर्षांसाठी असते. ४ पैकी ३.५१ पासून वर ए प्लस प्लस, ३.२६ ते ३.५० ए प्लस, ३.०१ ते ३.२५ ए. म्हणजे ए आणि ए प्लस यांच्यात कधी कधी ०.०१ चाच फरक असतो, त्यावर रात्र जागवू नका. २०२४ मध्ये नॅकनं अक्षरी श्रेणीऐवजी 'अधिस्वीकृत आहे किंवा नाही' अशी दोनच उत्तरांची पद्धत जाहीर केली. म्हणून फलकावर अक्षर दिसलं की ते कोणत्या वर्षाचं आहे, हे आधी विचारा. आणि विद्यापीठाची श्रेणी ही संलग्न कॉलेजची श्रेणी नव्हे. नाशिकची बहुतेक एमबीए कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न आहेत, पदवीवर नाव विद्यापीठाचंच येतं, पण वर्गात शिकवणार कॉलेजच.

नावाचाही घोळ असतो. एकाच ट्रस्टच्या दोन-तीन संस्था, नावात एखाद्या शब्दाचा फरक. अशा वेळी कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, यादीतला संस्थेचा कोड बघा. तोच कोड, तेच पूर्ण नाव आणि एआयसीटीईच्या मान्यतापत्रातलं नाव जुळलं पाहिजे. मान्यतापत्र पूर्ण वाचा : तुमचं शैक्षणिक वर्ष त्यात बसतं का, एमबीएच्या जागा किती, संलग्नता कोणाची. एआयसीटीईची ही मंजुरी म्हणजे संस्था चालवायची परवानगी, गुणवत्तेचं प्रशस्तिपत्र नव्हे. बीबीएवाल्यांनीही हे वाचावं, २०२४-२५ पासून तो अभ्यासक्रमही एआयसीटीईच्या कक्षेत आला आहे.

एमबीएऐवजी पीजीडीएम (व्यवस्थापनातला पदव्युत्तर अभ्यासक्रम) असेल तर ती पदवी नाही, पदविका आहे. पुढे पीएचडीचा विचार असेल तर भारतीय विश्वविद्यालय संघ, म्हणजे एआययू, तिला एमबीएशी समकक्ष मानतो का ते आत्ताच बघा. नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून किंवा आणखी कुठून दूरस्थ एमबीए करणाऱ्यांनी त्या वर्षाच्या यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या यादीत नेमका तो अभ्यासक्रम शोधावा, नुसतं विद्यापीठाचं नाव पुरत नाही.

परदेशी शिक्क्यांत एक बारीक गंमत आहे. अमेरिकेतली एएसीएसबी १९१६ पासूनची, युरोपची इक्विस, लंडनची एएमबीए. या तिन्ही अधिस्वीकृती मिळवणाऱ्या व्यवस्थापन संस्थेला 'ट्रिपल क्राउन' म्हणतात. पण एएसीएसबीचं सभासद होणं वेगळं आणि तिची अधिस्वीकृती मिळणं वेगळं. सभासदत्व वर्गणी भरून मिळतं, अधिस्वीकृतीला कित्येक वर्षं घासावी लागतात. माहितीपत्रकात 'मेंबर' लिहिलंय का 'अॅक्रेडिटेड', तेवढा एक शब्द बघा. एनआयआरएफ ही केंद्र सरकारची क्रमवारी आहे, मान्यता नव्हे. आयएसओ ९००१ तर कार्यालयीन कारभाराच्या पद्धतीला मिळतं, शिकवण्याला नाही.

प्रवेश घेऊन झाल्यावर गडबड लक्षात आली तर? घाबरून भांडायला जाऊ नका. आधी कॅपची रद्द करण्याची अंतिम तारीख बघा. मुदतीत ऑनलाइन रद्द केलं तर नियमानुसार फार तर हजार रुपये प्रक्रिया शुल्क कापून बाकी फी परत मिळते, आणि मूळ दाखले अडवून ठेवायचा कॉलेजला अधिकार नाही. मुदत टळली असेल तर प्राचार्यांकडे लेखी विचारणा करा : एमबीएची एनबीए आहे का, नॅकची मुदत कधीपर्यंत, नूतनीकरणाचा अर्ज कोणत्या तारखेला गेला. "प्रोसेसमध्ये आहे" या उत्तरावर थांबू नका, अर्ज गेल्याची पावती दाखवायला सांगा. पत्र दोन प्रतींत न्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का आणि तारीख घ्या. माहितीपत्रकाचं ते पान आणि वेबसाइटचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा. पुतणीनं प्रवेश घेतला तिथे नॅक बी प्लस प्लस होतं, पण मुदत चालू होती आणि फ्रेमसमोर फुलदाणी नव्हती.