सैल सांध्यांच्या मुलाचे लेखन कसे सुकर करावे

मूल लिहायला बसले की शेजारी बसून त्याच्या तर्जनीचे शेवटचे पेर नीट पाहावे. सांधे सैल असतील तर पेन्सिलीवर दाब पडताच ते पेर उलटे वाकते, नखाजवळची जागा पांढरी पडते आणि अंगठा पेन्सिलीला वेढा घालतो. अस्थिबंध, म्हणजे हाडांना सांध्यात एकत्र बांधून ठेवणारे पट्टे, सैल असल्यामुळे बोट स्थिर ठेवण्याचा सगळा भार स्नायूंवर येतो. शिवाय बोट नेमके कसे वळले आहे आणि किती जोर लागतो आहे, ही सांध्यांतून मिळणारी जाणीवही या मुलांत पुष्कळदा कमी असते, म्हणून ती पेन्सिल गच्च आवळतात आणि थोड्याच ओळींत त्यांचा हात भरून येतो. अशा मुलाला आळशी म्हणणे हा अन्याय आहे, हे ऑक्युपेशनल थेरपिस्ट (लिहिणे, जेवणे अशी रोजची कामे जमावीत म्हणून उपचार देणारी) म्हणून मी प्रत्येक पालकाला आधी सांगते.

सुरुवात हातापासून न करता बैठकीपासून करावी, कारण धड डळमळीत असेल तर बोटे स्थिर राहत नाहीत. पाय लोंबकळत असतील तर पाट ठेवावा, पाठीला उशीचा आधार द्यावा आणि टेबल कोपराच्या उंचीला असावे. जाड बॉक्स फाइल आडवी ठेवून, तिची जाड कड मुलापासून दूर राहील अशा रीतीने, तिच्या उतारावर वही ठेवल्यास मनगट आपोआप योग्य कोनात येते व मान कमी वाकते. फाइल सरकू नये म्हणून खाली रबरी जाळीचा तुकडा घालावा. पेन्सिल जाड, तिकोनी आणि टू-बी शिशाची घ्यावी, म्हणजे कमी दाबातही अक्षर ठळक उमटते.

बळ वाढवण्यासाठी कणीक मळणे, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावणे, फवाऱ्याने झाडांना पाणी घालणे ही कामे रोज थोडा वेळ पुरेशी आहेत. मात्र चिमटा दाबताना अंगठा आणि तर्जनी यांचा गोल टिकला पाहिजे. पेर आत कोसळले तर मऊ स्प्रिंगचा चिमटा द्यावा. सांधे ताणण्याचे व्यायाम देऊ नयेत, आणि बोटे मागे वाकवून मित्रांना दाखवण्याची हौस प्रेमाने पण ठामपणे थांबवावी.

लवचीकपणा लहानपणी सामान्यच असतो आणि बहुतेकांना त्याचा त्रासही होत नाही. परंतु सांधा वारंवार निखळणे, सांध्याला सूज येणे, सकाळी आखडणे किंवा त्वचा फार ताणली जाणे यांपैकी काही दिसल्यास आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

शाळेत वर्गशिक्षिकेला भेटून फळ्यावरचा मजकूर उतरवण्याऐवजी त्याची छापील प्रत, गृहपाठातील काही उत्तरे तोंडी आणि हात दुखू लागण्याआधीच विश्रांती, एवढे स्पष्ट मागावे. थेरपिस्टचा लेखी अहवाल सोबत न्यावा आणि दर वर्षी वर्गशिक्षिका बदलल्या की तो पुन्हा द्यावा.