ब्लॅकवुडमध्ये विरोधक मध्ये पडला तर

ब्रिजच्या बोलीत बदाम हुकूम ठरलाय, पार्टनरने ४ नोट्रम्प (बिनहुकूम) बोलून तुमच्याकडे किती एक्के आहेत ते विचारले (हेच ‘ब्लॅकवुड’), आणि विरोधकाने मध्येच ५ चौकट टाकली. अशा वेळी ‘डोपी’ वापरा: डबल म्हणजे एकही एक्का नाही, पास म्हणजे एक, लगतची बोली ५ बदाम म्हणजे दोन, ५ इस्पिक म्हणजे तीन. हातात चौकटचा राजा-गुलाम दिसला की दंडाचा डबल (विरोधकाची बोली फसेल म्हणून त्याचा दंड वाढवणारा) मारायचा मोह होतोच. आवरा, पार्टनर त्यातून शून्य एक्केच वाचणार! विरोधक थेट ५ इस्पिकवर गेला तर मात्र ५ बदामची पायरी हातची गेली. तिथे मी ‘डेपो’ पसंत करतो, म्हणजे एक्के सम असतील तर डबल, विषम असतील तर पास. कुठली पद्धत कुठे, हे खेळाआधीच पार्टनरशी ठरवा.