राज्यातली रायव्हलरी टिकणार की जाणार, हे आधीच कसं ओळखायचं

अमेरिकेत शिकायला येऊन कॉलेज फुटबॉलचं वेड लागलेल्या आपल्या लोकांसाठी लिहितोय. युनिव्हर्सिटी कॉन्फरन्स (एकमेकींशी खेळणाऱ्या युनिव्हर्सिटींचा गट) बदलतेय अशी बातमी आली की सगळे आधी नकाशा बघत बसतात, कोण कुठे गेलं वगैरे. राज्यातल्या जुन्या वैऱ्याशी होणारी गेम टिकेल का ते कळायचं असेल तर नकाशा नंतर बघा हो, आधी शेड्यूल उघडा आणि रिकामे शनिवार मोजा.

सीझनला गेम १२. बिग टेन आणि बिग ट्वेल्व्ह या मोठ्या कॉन्फरन्समध्ये त्यातल्या ९ कॉन्फरन्सच्याच, एसईसी ही तशीच मोठी कॉन्फरन्स इतकी वर्षं ८ वर होती ती पण २०२६ पासून ९ वर. म्हणजे हातात उरल्या ३, त्यातल्या एकदोन सोप्या गेम घरच्या मैदानावर ठेवायच्या असतात कारण तिकिटांचा पैसा तिथे येतो, मग उरलेल्या एका जागेसाठी राज्यातला जुना शेजारी आणि टीव्हीवर चालेल अशी लांबची मोठी टीम यांच्यात ओढाताण. एसईसीने निदान एक नियम ठेवलाय, ९ सोडून दुसऱ्या मोठ्या कॉन्फरन्समधल्या किंवा कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नसलेल्या नोटर डेमसारख्या एका टीमशी खेळायचंच. म्हणून जॉर्जिया–जॉर्जिया टेक, फ्लोरिडा–फ्लोरिडा स्टेट, साऊथ कॅरोलायना–क्लेम्सन यांची मला तरी फारशी काळजी वाटत नाही, कॉन्फरन्स वेगळी असूनही नोव्हेंबरच्या शेवटी त्यांची गाठ ठरलेली असते.

मग बघायचं, त्या गेमची गरज कोणाला जास्त आहे. एकालाच असेल तर अवघड आहे. ओक्लाहोमा एसईसीला जायचं ठरल्यावर ओक्लाहोमा स्टेटबरोबरची बेडलम नावाची गेम थांबली, शेवटची ४ नोव्हेंबर २०२३ ला स्टिलवॉटरला झाली, स्टेटने २७–२४ ने मारली आणि पब्लिकने मैदानात घुसून गोलपोस्ट उपटले. शंभरावर वर्षांचं वैर, आणि पुढच्या सीझनला शेड्यूलमध्ये नावच नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

तोंडी आश्वासनावर तर अजिबात जाऊ नका. "आम्हालाही खेळायचंय" असं दोन्हीकडचे लोक म्हणतातच, सही झालीय का आणि किती वर्षांची ते शोधा. पॅक-ट्वेल्व्ह कॉन्फरन्स फुटली तेव्हा वॉशिंग्टन गाशा गुंडाळून बिग टेनला गेली, वॉशिंग्टन स्टेटला वाऱ्यावर सोडलं, पण दोघांनी ॲपल कप या आपल्या गेमचा २०२८ पर्यंतचा करार केला. २०२४ ला सप्टेंबरमध्ये सिअॅटलला झाला आणि स्टेटने २४–१९ ने जिंकला! नोव्हेंबरच्या थंडीची मजा गेली खरी, पण गेम राहिली.

दोन्ही युनिव्हर्सिटी एकाच बोर्डाखाली आहेत का तेही बघा, कारण मग जाणाऱ्याला थोडं तरी वेसण घालता येतं. यूसीएलए बिग टेनला गेली तेव्हा तिच्यावर आणि बर्कलेच्या कॅलवर रीजंट्स (युनिव्हर्सिटीचं संचालक मंडळ) एकच, त्यांनी यूसीएलएला भरपाई म्हणून कॅलला वर्षाला १ कोटी डॉलर द्यायला लावले.

पैशाचं मूळ कुठे ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढच्या बातम्यांनी धक्का बसणार नाही. १९८४ पर्यंत टीव्हीवर काय दाखवायचं ते कॉलेज खेळांची संघटना एनसीएए ठरवायची, त्या वर्षी सुप्रीम कोर्टाने ते मोडलं आणि हक्क युनिव्हर्सिटी आणि कॉन्फरन्सच्या हातात आले. गंमत म्हणजे केस लढणाऱ्यांत ओक्लाहोमा होती. तेव्हापासून जिथे टीव्हीचा करार मोठा तिथे टीम जाणार, हे धरूनच चाला.

आता ज्यांची गेम बंद पडलीय त्यांनी टेक्सासकडे बघावं. २४ नोव्हेंबर २०११, थँक्सगिव्हिंगची रात्र, टेक्सास ए अँड एमचं घरचं मैदान काइल फील्ड. टेक्सास ए अँड एम एसईसीला निघालेली, एका पॉइंटने पुढे, घड्याळ संपत आलेलं, आणि टेक्सासच्या जस्टिन टकरने ४० यार्डांवरून किक मारून २७–२५ केलं. त्यानंतर १३ वर्षं काही नाही. पण ए अँड एमवाले दर गेमला एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून डुलत टेक्सासला हिणवणारं गाणं म्हणतच राहिले, समोर कुठलीही टीम असो. मग २०२४ ला टेक्सासच एसईसीत आली आणि ३० नोव्हेंबरला त्याच मैदानावर १७–७ ने जिंकून गेली. म्हणजे ज्या रिअलाइनमेंटने (कॉन्फरन्सच्या फेरबदलाने) गेम तोडली तिनेच जोडली, त्यामुळे तुमची बंद असेल तर समोरच्याच्या पुढच्या हालचालीवर लक्ष ठेवा.

आणि तोवर बास्केटबॉल, सॉफ्टबॉलचं शेड्यूल बघा, तिथे गेम भरपूर असतात त्यामुळे जागा निघते.

ऑरेगनवाल्यांनो, २०२६ च्या फुटबॉल शेड्यूलमध्ये ऑरेगन स्टेट नाहीये. १९४५ पासून दरवर्षी होणारी गेम होती ही. दोन्ही ॲथलेटिक डिपार्टमेंटना आत्ताच मेल टाका, कारण ही शेड्यूलं बऱ्याच वर्षं आधी भरतात.