फॅब्रिक ग्रो बॅगेत झाडं लावताय? गोव्याच्या हवेत या चुका टाळा

पहिल्या वर्षी डिचोलीतल्या घराच्या टेरेसवर मी दहा फॅब्रिक बॅगा मांडल्या आणि मे संपायच्या आत सात झाडं मारली. दोष बॅगेचा नव्हता, मीच तिला कुंडी समजत होतो. प्लास्टिकची कुंडी वरूनच सुकते, ही पडली कापडाची, चारी बाजूंनी सुकते, त्यात खाली तापलेला स्लॅब, म्हणजे दोरीवर टॉवेल वाळत घातलाय असंच धरून चाला.

सगळ्यात जास्त झाडं पाण्याच्या चुकीने जातात, आणि गंमत म्हणजे पाणी घालूनही जातात. आपण सकाळी बादली ओततो, खालून धो धो पाणी बाहेर येतं, आपण खूश की झाड पोटभर प्यायलं. प्यायलं डोंबल! कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकदा खडखडीत सुकलं की पाणी पटकन धरत नाही, शिवाय माती आवळून कापडापासून सुटते आणि पाणी त्या फटीतून सरळ स्लॅबवर. बोट दोन इंच आत घालून बघा, कोरडं ठणठणीत. अशी बॅग उचलता येत असेल तर टबात चार इंच पाणी घेऊन अर्धा तास बसवून ठेवा, नाहीतर तांब्या तांब्याने, मध्ये दहा मिनिटं थांबून, दोन-तीनदा घाला. मार्च ते मे बहुतेक दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी लागतंच. वर सुका पाला नाहीतर माडाच्या सोडणांचे (नारळाच्या सालांचे) तुकडे पसरा आणि बॅगा एकमेकींना चिकटून ठेवा, एकीची सावली दुसरीला. टोमॅटोचं बूड काळं पडत असेल तरी आधी हेच तपासा, एक दिवस कोरडं एक दिवस चिखल असं झालं की मातीत कॅल्शियम असूनही फळापर्यंत पोचत नाही.

साइज. ९ बाय ९ इंचाच्या बॅगेत जेमतेम ९ लिटर माती मावते, त्यात तांबडी भाजी, मेथी ठीक, टोमॅटो नको. मिरची-वांग्याला १२ बाय १२ घ्या, साधारण २२ लिटर. १८ बाय १८ मात्र ७५ लिटरची असते, भिजली की क्विंटलच्या आसपास जाते, त्यामुळे टेरेसच्या मधोमध नको, खाली भिंत किंवा बीम असेल तिथेच ठेवा आणि भरायच्या आधीच जागेवर ठेवा, नंतर कान धरून ओढलीत तर कान हातात येतो (माझ्या आला). पातळ स्वस्त कापड उन्हाने एका सीझनमध्ये भुगा होतं, जाड आणि यूव्ही ट्रीटेड, म्हणजे ऊन सोसणारं, बघून घ्या.

माती म्हणून परसातली लाल माती नुसती भरू नका, बॅगेत तिचा चिरा (जांभा दगड) होतो! माती, कोकोपीट, शेणखत सारख्या भागाने घ्या, कोकोपीट दोनदा धुवून घ्या कारण त्यात मीठ असतं. आपली माती आंबट, म्हणून चुलीची राख मूठभर चालते, टोपलीभर नाही.

आता पाऊस. मेमध्ये जे केलं त्याच्या बरोब्बर उलटं करायचं. आपल्याकडे चार महिन्यांत शंभर इंचांच्या वर पडतो, खत सगळं धुवून जातं, मग पानं पिवळी, मग आपण घाबरून भसाभस खत टाकतो, तेही पुढच्या सरीत गेलं. मूठमूठ गांडूळखत, पंधरा दिवसांनी, उघाड बघून, बस. बॅगेखालची ताटली काढा, दोन चिऱ्यांवर ठेवा, मध्ये फट सोडून. नुसत्या जमिनीवर ठेवलीत तर मुळं कापड फोडून खाली जातात, मग बॅगेचा फायदा काय उरला, मुळाचं टोक हवेला लागून सुकावं आणि आत नवीन फुटावीत हाच तर तिचा मुद्दा. आणि जूनमध्ये टोमॅटो, ढोबळी मिरचीचा हट्ट नको, भेंडी (आपली सात शिरांची), दोडकी, काकडी लावा, वेळेत लावलीत तर चवथीच्या माटोळीला (गणपतीवर फळं-भाज्या टांगतात ती) घरचं काहीतरी होईल. टोमॅटो ऑक्टोबरनंतर.

बॅगेवर हिरवं शेवाळ आलं तर घाबरायचं कारण नाही. पांढरी खपली म्हणजे बोअरच्या पाण्यातले आणि खतातले क्षार कापडातून बाहेर आलेत, ब्रशने झाडा आणि एकदा भरपूर गोडं पाणी सोडा.

रात्रीत रोप बुडापासून गायब झालं तर माकडाला शिव्या द्यायच्या आधी बॅगेखालचा चिरा उलटा करून बघा, मोठ्या गोगलगायी दिवसभर तिथेच लपून असतात. ग्लोव्ह घालून उचला, मीठ टाकू नका, ते मुळाला जातं.