एमएनंतर ऑटिझम-एडीएचडीच्या मुलांवर रिसर्च करायचाय तर

सायकॉलॉजीच्या एमएच्या सेकंड इयरला आपण सगळेच लॅपटॉप उघडून टॉपिक शोधत बसतो, तिथेच गाडी अडते. त्याआधी चार-सहा महिने एखाद्या स्पेशल स्कूलमध्ये नाहीतर थेरपी सेंटरमध्ये व्हॉलंटियर म्हणून जा. मी पहिले दोन आठवडे नुसते ठोकळे गोळा करत होते, एका पाच वर्षांच्या पोराने तर माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, पण आत सेशन चालू असताना बाहेर बाकावर आया जे बोलतात ना, किती दवाखाने पालथे घातले, शाळेने काय सुनावलं, त्यातूनच माझा प्रश्न मिळाला.

वाचायला इन्क्लेन या संशोधन संस्थेचा 2018 चा पेपर घ्या, भारतातल्या पाच ठिकाणची 2 ते 9 वर्षांची मुलं आहेत त्यात, उत्तर गोवाही आहे. साधारण आठातल्या एका मुलाला काहीतरी न्यूरोडेव्हलपमेंटल, म्हणजे मेंदूच्या वाढीशी संबंधित अडचण हा आकडा सगळे सांगतात, तुम्ही पाच जागांमधला फरक बघा.

टूल्सचं, म्हणजे मुलांना तपासायच्या चाचण्यांचं म्हणाल तर आयएसएए हे ऑटिझम मोजायचं स्केल आपल्याकडचं, 40 आयटम्सचं. एम-चॅट ही पालकांना विचारायची प्रश्नावली फुकट मिळते पण ती 16 ते 30 महिन्यांच्या बाळांसाठी आणि नुसतं स्क्रीनिंग, म्हणजे पहिली चाळणी. एडॉस म्हणजे मुलाशी खेळत-बोलत ऑटिझम तपासायची चाचणी, तिचा किट महाग, वर ट्रेनिंग लागतं, त्यामुळे गाइडकडे काय आहे ते आधीच विचारा, लाजू नका. आणि नुसत्या एमएवर आपण डायग्नोसिस देऊ शकत नाही हं, डायग्नोसिस झालेलीच मुलं घ्या.

टूल्सच्या मराठी भाषांतरात फार वेळ जातो. आय कॉन्टॅक्टचं आम्ही 'नजरेला नजर देऊन बोलतो का' केलं, तर एक आजी भडकल्या, म्हणे आमचा नातू असला उद्धट नाही! त्यामुळे प्रश्न आधी पाच-सहा घरांत विचारून बघाच.

एथिक्स कमिटीला पालकांची लेखी संमती लागते, शिवाय आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियमांनुसार 7 वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही. न बोलणारं मूल कानावर हात ठेवतं, दाराकडे पळतं, तो नकारच समजायचा आणि सेशन तिथेच थांबवायचं, डेटा गेला तर गेला.

पैशांसाठी नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ फेलोशिप बघा, महिना 37,000 मिळतात, नाहीतर आधी एखाद्या प्रोजेक्टवर असिस्टंट म्हणून लागा. कमिटीचं काम डिसेंबरपर्यंत उरका, कारण मार्चमध्ये परीक्षा, मेमध्ये अर्धी कुटुंबं गावाला, मग डेटा थेट जूनमध्येच.