ट्रकसाठी नवा टायर की रिट्रेड? या चुका टाळा

रस्त्यावर टायरची सालपटं पडलेली दिसली की सगळे रिट्रेडलाच, म्हणजे नवं रबर चढवलेल्या जुन्या टायरलाच दोष देतात. पण त्यात नव्या टायरचीही सालपटं असतात, आणि टायर फुटण्यामागे बऱ्याचदा कमी हवा हे कारण निघतं. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, तापते आणि आतल्या पोलादी तारांवरची रबराची पकड सुटू लागते.

रिट्रेडमध्ये घासलेला थर खरवडून त्यावर नवं रबर बसवतात. गरम पद्धतीत ते साच्यात साधारण 150 अंश सेल्सिअसला पक्कं होतं. थंड पद्धतीत नक्षी असलेली तयार पट्टी त्याहून कमी तापमानाला चिकटवतात. खालचं केसिंग, म्हणजे टायरचा मूळ सांगाडा, दोन्ही पद्धतींत जुनाच राहतो. म्हणून केसिंग न बघता फक्त भाव बघून टायर घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

शिफारशीच्या 80 टक्क्यांहून कमी हवेवर चाललेला टायर या धंद्यात 'रनफ्लॅट' समजतात. म्हणजे 110 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) शिफारस असलेला टायर 88 च्या खाली चालला असेल, तर तो उतरवून आतून तपासायलाच हवा. बाजूवर प्रकाश तिरका पाडा आणि हात फिरवा. लाटा, फुगवटा किंवा मऊ जागा लागली, दाबल्यावर कुरकुर आवाज आला, तर आतल्या तारा तुटलेल्या असू शकतात. अशा टायरमध्ये पुन्हा हवा भरताना बाजू एका रेषेत फाटून जीव जाऊ शकतो. हवा नेहमी टायर लोखंडी सुरक्षा पिंजऱ्यात ठेवूनच भरा.

दुसरी चूक म्हणजे टायर तारा दिसेपर्यंत घासणं. दगडखड्यांनी पडलेल्या कापांतून पाणी पोलादी पट्ट्यांपर्यंत जातं, गंज धरतो आणि चांगलं केसिंग हातचं जातं. थोडी नक्षी शिल्लक असतानाच टायर उतरवा.

पुढच्या चाकांना नवेच टायर लावा, असं माझं ठाम मत आहे. तिथे टायर फुटला तर स्टिअरिंग हातात राहणं कठीण. मागच्या आणि ट्रेलरच्या चाकांना चांगल्या केसिंगवरचा रिट्रेड बिनधास्त चालतो. मात्र जोडचाकांत, म्हणजे एकाच बाजूला शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन चाकांत, एक नवा आणि एक घासलेला टायर लावू नका. मोठ्या व्यासाचा टायर जास्त भार ओढतो आणि तापतो, लहान घसटत चालतो. मग लोक म्हणतात, रिट्रेड लवकर गेला.

रिट्रेडची कड सुटताना दिसली तर गोंद लावून पुढे जाऊ नका, टायर काढून रिट्रेड केंद्रात दाखवा. थरथर जाणवली तर आधी हवा आणि बॅलन्सिंग तपासा.

रिट्रेडसाठी शक्यतो स्वतःच्याच गाडीचं केसिंग द्या, कारण त्याचा इतिहास तुम्हाला माहीत असतो. देताना टायरवरचा क्रमांक आणि बनावटीचा आठवडा व वर्ष सांगणारे चार आकडे पावतीवर लिहून घ्या, आणि टायर परत आला की चाकावर चढवण्याआधी जुळवून पाहा.